लग्नानंतर ब्रिटनमध्ये नोकरी करायची आहे? सुरुवात इथून करा

ब्रिटिश नागरिकाशी लग्न ठरले की घरात आधी व्हिसाची चर्चा सुरू होते. नोकरीचा विषय निघालाच तर ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून बाजूला पडतो. पुण्यात, नाशकात किंवा मुंबईत कित्येक वर्षे स्वतःच्या पगारावर उभी असलेली माणसे त्या एका वाक्यापायी परदेशातली पहिली वर्ष-दोन वर्षे घरी बसून काढतात. हे टाळता येते. ब्रिटनमध्ये जोडीदार म्हणून येणाऱ्याला नोकरीसाठी वेगळा परवाना काढावाच लागत नाही. योग्य व्हिसा मिळाला की कामाचा हक्क त्याच्यासोबतच येतो. चुकीचा मार्ग निवडला तर मात्र तोच हक्क महिनोन्‌महिने लांबतो. त्यामुळे हे सगळे समजून घ्यायचे ते लग्नाची तारीख काढण्याआधी.

पुढची माहिती मुख्यतः ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक असलेल्या, किंवा ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्या जोडीदाराकडे जाणाऱ्यांसाठी आहे. शुल्काचे आणि उत्पन्नाचे आकडे २०२५ मधले आहेत. शुल्क बहुधा एप्रिलमध्ये बदलते, म्हणून पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आकडा पुन्हा पाहा.

कोणत्या व्हिसावर काम करता येते

स्पाउस व्हिसा म्हणजे लग्न झालेल्या जोडीदाराचा व्हिसा. भारतातून अर्ज केला तर तो पहिल्यांदा ३३ महिन्यांचा मिळतो. यावर पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, स्वतःचा व्यवसाय करता येतो, दोन अर्धवेळ नोकऱ्याही चालतात. नोकरी बदलताना कोणाला विचारावे लागत नाही.

फियान्से व्हिसा म्हणजे तिथे जाऊन लग्न करण्यासाठीचा व्हिसा. तो ६ महिन्यांचा असतो आणि त्यावर काम करायला पूर्ण बंदी आहे. तिथे लग्न झाल्यावर पुन्हा नवा अर्ज, पुन्हा शुल्क, आणि त्या अर्जाचा होकार येईपर्यंत नोकरी नाही. लंडनच्या रजिस्टर ऑफिसात लग्न करायची हौस मी समजू शकते. पण ज्यांना लवकर कामाला लागायचे आहे त्यांनी भारतात कायदेशीर लग्न करून स्पाउस व्हिसावर जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाहुण्यांचा समारंभ तिकडे नंतर कधीही करता येतो.

लग्न न केलेल्या जोडीदारांसाठीही मार्ग आहे. किमान २ वर्षे लग्नासारखे नाते असल्याचे पुरावे द्यावे लागतात आणि कामाचा हक्क स्पाउस व्हिसासारखाच मिळतो. समलिंगी जोडप्यांसाठी हा मार्ग फार महत्त्वाचा आहे. भारतात त्यांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नाही, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्येही ती दिली नाही. ब्रिटनमध्ये मात्र अशी जोडपी व्हिसाच्या नियमांत इतरांच्या बरोबरीने धरली जातात. एकत्र भाडेकरार, संयुक्त खाते, एकाच पत्त्यावर येणारी दोघांची पत्रे असे पुरावे आजपासून जमवायला लागा.

व्हिजिटर व्हिसावर जाऊन ‘तिथेच बदलून घेऊ’ असा सल्ला देणारे नातेवाईक आणि एजंट दोन्ही भेटतात. तो ऐकू नका. व्हिजिटर व्हिसावरून स्पाउस व्हिसावर तिथल्या तिथे जाता येत नाही, आणि त्यावर ब्रिटनमधल्या मालकाकडे नोकरी करणे बेकायदा आहे. असे काम उघडकीला आले तर पुढचे अर्जही अडकतात.

जोडीदार तिथे स्किल्ड वर्कर व्हिसावर असेल तर तुम्ही डिपेंडंट म्हणून जाता. तिथेही नोकरी करता येते, फक्त व्यावसायिक खेळाडू म्हणून नाही. मात्र तुमचा व्हिसा जोडीदाराच्या व्हिसाला बांधलेला असतो. त्यातही केअर वर्करना ११ मार्च २०२४ पासून जोडीदार नेता येत नाही, आणि १ जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांसाठी संशोधन करणारे सोडून बहुतेक विद्यार्थ्यांनाही नाही.

गोव्याच्या वाचकांसाठी एक स्वतंत्र बाब. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनसारख्या गावात राहणारे गोंयकार पुष्कळ आहेत. अशा जोडीदाराकडे युरोपीय नागरिकांच्या योजनेखालचा वास्तव्याचा दर्जा असेल आणि तुमचे नाते ३१ डिसेंबर २०२० च्या आधीपासूनचे असेल, तर त्या योजनेचा फॅमिली परमिट मिळू शकतो. त्याला अर्जाचे शुल्क नाही आणि आरोग्य अधिभारही (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या अर्जासोबत भरायची रक्कम) नाही. नाते त्यानंतरचे असेल तर मात्र इतरांसारखाच स्पाउस व्हिसा.

लग्नाची नोंद

दोघेही हिंदू असतील तर हिंदू विवाह कायद्याखाली नोंद होते. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा हा सरळ मार्ग. भटजींनी सप्तपदी केली तरी तेवढ्याने अशा लग्नाला हिंदू विवाह कायद्याचा आधार मिळत नाही. विधी हवे तर करा, पण नोंद विशेष विवाह कायद्याखाली करा. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी किमान ३० दिवस वास्तव्य हवे. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते, आणि नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांच्या आत लग्न लागले नाही तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. तीन साक्षीदार लागतात. परदेशी जोडीदाराची सुट्टी दोन आठवड्यांचीच असते, म्हणून विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात आधी जाऊन त्याची नेमकी कोणती कागदपत्रे लागतील, अविवाहित असल्याचा दाखला कोणत्या स्वरूपात चालेल आणि नोटिशीच्या वेळी तो हजर लागेल का, हे विचारून घ्या. विमानाची तिकिटे त्यानंतर काढा. गोव्यात लग्नाची नोंद तिथल्या नागरी कायद्याप्रमाणे सिव्हिल रजिस्ट्रारकडे होते आणि तिची पद्धत महाराष्ट्रापेक्षा वेगळी आहे.

विवाहाच्या दाखल्यावर फक्त मराठी मजकूर असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. त्यावर भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे नाव, सही आणि संपर्क हवा. ब्रिटिश व्हिसासाठी दाखल्याला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, लागत नाही. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

नावाचा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो. पासपोर्टवर मधले नाव वडिलांचे, आधारवर नवऱ्याचे, पदवीवर माहेरचे आडनाव आणि जन्मदाखल्यावर नावच नाही. यात सोपा मार्ग असा: लग्नानंतर घाईने पासपोर्ट बदलू नका. अर्जावर, इंग्रजीच्या परीक्षेत आणि टीबीच्या प्रमाणपत्रावर पासपोर्टवरचेच नाव ठेवा. ब्रिटिश व्हिसासाठी नवऱ्याचे आडनाव लावण्याची काहीच गरज नाही. शिवाय तिकडे नोकरी शोधताना जुन्या नावावरच्या पदव्या आणि अनुभवपत्रे जशीच्या तशी उपयोगी पडतात. नाव बदललेच असेल तर राजपत्रातली नोंद आणि विवाहाचा दाखला दोन्ही जोडा.

जोडीदाराचे उत्पन्न: बहुतेक अर्ज इथे अडतात

११ एप्रिल २०२४ पासून तिकडच्या जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न, करकपातीच्या आधीचे, किमान २९,००० पौंड हवे. त्याआधी ही मर्यादा १८,६०० पौंड होती. ही रक्कम किती मोठी आहे पाहा: २१ वर्षे आणि त्यावरील व्यक्तीसाठी एप्रिल २०२५ पासूनचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होते. आठवड्याला ३७.५ तास धरले तर वर्षाचे सुमारे २३,८०० होतात. म्हणजे किमान वेतनावर पूर्णवेळ राबणाऱ्या माणसालाही आपल्या बायकोला किंवा नवऱ्याला आणता येत नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण अर्ज त्याच्याच चौकटीत करावा लागतो.

तुमचा भारतातला पगार कितीही मोठा असला तरी पहिल्या अर्जात तो धरत नाहीत. तुमची बचत मात्र धरतात. उत्पन्न कमी पडत असेल तर हिशेब असा: जेवढी तूट असेल तिची अडीच पट, आणि त्यात १६,००० पौंड. जोडीदाराला २५,००० पौंड मिळत असतील तर तूट ४,०००. तिची अडीच पट १०,०००. एकूण २६,००० पौंडांची बचत दाखवावी लागेल. उत्पन्न अजिबात नसेल तर ८८,५०० पौंड. पैसे दोघांपैकी कोणाच्याही किंवा संयुक्त खात्यात चालतात, भारतातल्या बँकेतही चालतात, पण ६ महिने सलग तिथे असले पाहिजेत आणि हवे तेव्हा काढता आले पाहिजेत. सासऱ्यांनी अर्जाच्या आदल्या महिन्यात टाकलेली रक्कम यात बसत नाही.

जोडीदार एकाच कंपनीत ६ महिन्यांहून जास्त नोकरीत असेल तर पुरावे सोपे: ६ महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, त्याच ६ महिन्यांची बँक स्टेटमेंट, आणि पद, पगार व नोकरीचा काळ सांगणारे कंपनीचे पत्र. प्रत्येक स्लिपेवरची निव्वळ रक्कम स्टेटमेंटमध्ये त्याच आकड्याने दिसली पाहिजे. हे ताडून पाहायला तासभर लागतो आणि तो तास कोणत्याही एजंटच्या सल्ल्यापेक्षा मोलाचा आहे. कागद ताजे हवेत. शेवटचा कागद अर्जाच्या तारखेच्या आधीच्या २८ दिवसांतला असावा. नुकतीच नोकरी बदलली असेल तर मागच्या १२ महिन्यांच्या कमाईचा पुरावा लागतो. शक्य असेल तर अशा वेळी ६ महिने पूर्ण होईपर्यंत थांबावे. स्वतःचा धंदा असणाऱ्यांना पूर्ण आर्थिक वर्षाचे कर विवरण द्यावे लागते. जोडीदाराला अपंगत्वाचे किंवा कोणाची काळजी घेण्याचे काही ठरावीक सरकारी भत्ते मिळत असतील तर २९,००० ची अट लागू होत नाही. हे अनेकांना माहीतच नसते.

इंग्रजी, टीबी आणि घर

इंग्रजीची पातळी ए-१, म्हणजे अगदी पहिली, आणि तीही फक्त बोलण्या-ऐकण्याची. परीक्षा मात्र ब्रिटिश गृहखात्याने मान्य केलेलीच हवी. आयईएलटीएस लाइफ स्किल्स ही त्यातली आपल्याकडे सर्वांत परिचित. कॉलेज प्रवेशासाठी दिलेली साधी आयईएलटीएस चालत नाही, यूकेव्हीआयसाठीची, म्हणजे ब्रिटिश व्हिसा विभागासाठीची, वेगळी असते; नाव नोंदवताना नीट पाहा. इंग्रजी माध्यमातली पदवी असेल तर परीक्षेऐवजी ‘एक्टिस’ या संस्थेकडून त्या पदवीचे मूल्यमापन करून घेता येते. परीक्षाच देणार असाल आणि इंग्रजी बऱ्यापैकी असेल, तर थेट बी-१ पातळीची (ए-१, ए-२ च्या पुढची) द्या. पावणेतीन वर्षांनी मुदतवाढीच्या वेळी ए-२ लागते, ती तेव्हा वेगळी द्यावी लागत नाही.

टीबीची तपासणी म्हणजे छातीचा एक्स-रे. गृहखात्याने मान्य केलेल्या दवाखान्यातच करावी लागते आणि प्रमाणपत्र ६ महिने चालते. त्यामुळे ती फार आधी उरकू नका. गरोदर असाल तर नाव नोंदवतानाच सांगा, वेगळी व्यवस्था असते.

राहण्याच्या जागेसाठी भाडेकरार किंवा मालकीचा कागद आणि घरमालकाचे संमतीपत्र पुरते. सासू-सासऱ्यांच्या घरी राहणार असाल तरी चालते, फक्त घरात दाटी होत नसल्याचे दिसले पाहिजे.

नात्याच्या पुराव्यांत प्रमाण राखा. लग्नाचा हजार फोटोंचा अल्बम कोणी पाहत नाही. ओळख झाल्यापासून आजवरचे पंधरा-वीस फोटो, वेगवेगळ्या काळातले, त्यात दोन्हीकडची माणसे असलेले. प्रत्येक भेटीची तिकिटे. महिन्यागणिक संभाषणाचे एखादे पान. सोबत दोघांनी मिळून लिहिलेले एक-दोन पानी पत्र: कुठे भेटलो, कधी ठरवले, कुठे राहणार. हे पत्र स्वतःच्या शब्दांत लिहा. एजंटचा तयार मजकूर शेकडो अर्जांत तोच असतो.

अर्ज, पैसे आणि राजीनाम्याची तारीख

अर्ज ऑनलाइन भरायचा, कागद अपलोड करायचे आणि बोटांचे ठसे द्यायला व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जायचे. मुंबईत आणि पुण्यात केंद्रे आहेत. एप्रिल २०२५ पासून अर्जाचे शुल्क १,९३८ पौंड होते. शिवाय आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे ३३ महिन्यांसाठी ३,१०५. दोन्ही मिळून ५,०४३ पौंड एकदम भरावे लागत. अर्ज नाकारला तर अधिभार परत मिळतो, शुल्क नाही. नकाराविरुद्ध अपील करता येते, त्यासाठी भारतातून २८ दिवसांची मुदत असते.

एवढे पैसे घालताना मदत घ्यावीशी वाटणे साहजिक आहे. ब्रिटनमध्ये सल्लागार म्हणून काम करणाऱ्याला इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीची नोंदणी लागते किंवा तो सॉलिसिटर असावा लागतो. नोंदणी क्रमांक विचारा आणि तपासा. ‘शंभर टक्के व्हिसा’ अशी पाटी लावणाऱ्याकडे जाऊ नका.

निर्णयाला साधारण १२ आठवडे धरतात. व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका, हे मी आग्रहाने सांगते. आपल्याकडे अनेक कंपन्यांत नोटीस पिरियड ६० ते ९० दिवसांचा असतो, आणि व्हिसाचे स्टिकर पासपोर्टावर लावून आले तर ते बहुधा ९० दिवसांचेच असते. म्हणून अर्जातली प्रवासाची इच्छित तारीख विचार करून टाका आणि कंपनीतल्या वरिष्ठांशी नोटीस कमी करण्याबद्दल आधीच बोलून ठेवा. तुमची कंपनी ब्रिटनमध्येही असेल तर बदलीचा प्रश्न याच वेळी काढा. तुमचा व्हिसा आपल्याला स्पॉन्सर करावा लागणार नाही हे कंपनीला कळले की तिचे उत्तर पुष्कळदा बदलते.

निघण्यापूर्वी भारतातच उरकायची कामे

थांबण्याचे हे तीन महिने वाया घालवू नका. विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट काढा. मुंबई किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे काम लंडनहून भावाला पाठवून करून घेणे जिकिरीचे होते. अनुभवपत्रे, रिलीव्हिंग लेटर, फॉर्म १६, शेवटच्या स्लिपा यांच्या मूळ प्रती आणि स्कॅन दोन्ही ठेवा. शाळा, रुग्णालय, वृद्धांची देखभाल अशा कामांत जायचे असेल तर पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट घेऊन ठेवा. दोन माजी वरिष्ठांना संदर्भ द्याल का म्हणून विचारा आणि त्यांचा कंपनीचा ईमेल घ्या. तिकडे ऑफर दिल्यावर संदर्भ खरोखर तपासतात.

पीएफ, बँक, आयकर सगळे ओटीपीवर चालते, तेव्हा भारतातला मोबाइल क्रमांक बंद करू नका. वास्तव्य बदलल्यावर साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे खाते, करून घ्यावे लागते, तो अर्ज शाखेतून घेऊन जा.

काही व्यवसायांना तिकडची नोंदणी लागते आणि तिला वेळ लागतो. नर्सना एनएमसीची (ब्रिटनमधली नर्सिंगची नियामक संस्था) संगणकावरची परीक्षा आणि मग प्रात्यक्षिक परीक्षा. यातली पहिली भारतात देता येते. डॉक्टरांना जीएमसीची, म्हणजे तिथल्या वैद्यकीय परिषदेची नोंदणी, बहुतेकांसाठी तिच्या प्लॅब परीक्षेतून. वकिलांना एसक्यूई ही सॉलिसिटर होण्याची परीक्षा. शिक्षक, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट यांचेही नियामक वेगळे आहेत. स्पाउस व्हिसा कामाचा हक्क देतो, या नोंदणीतून सूट देत नाही. ज्यांचा व्यवसाय या यादीत आहे त्यांनी नोंदणीची तयारी व्हिसाच्या अर्जाबरोबरच सुरू करावी. संगणक, लेखा, विक्री, प्रकल्प व्यवस्थापन यांत असे बंधन सहसा नसते.

पोहोचल्यावरचे पहिले आठवडे

पूर्वी मिळणारे प्लास्टिकचे कार्ड आता बंद झाले आहे. तुमची परवानगी ई-व्हिसा म्हणून ऑनलाइन असते. त्यासाठी यूकेव्हीआय खाते उघडा, आपले नाव, फोटो, मुदत आणि कामाचा हक्क बरोबर दिसतो का ते लगेच तपासा. खात्याला स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा फोन जोडा, जोडीदाराचा नको. पासपोर्ट नवा केला तर तोही तिथे नोंदवा.

मालकाला कामाचा हक्क दाखवायचा तो शेअर कोडने. सरकारी संकेतस्थळावर दोन मिनिटांत तयार होतो, ९० दिवस चालतो, आणि कामासाठीचा कोड इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षराने सुरू होतो. मालक तो कोड आणि तुमची जन्मतारीख घालून स्वतः तपासतो. पासपोर्टची झेरॉक्स मागणाऱ्या छोट्या दुकानदारालाही शांतपणे हेच समजावून सांगा.

नॅशनल इन्शुरन्स क्रमांकासाठी ऑनलाइन अर्ज करा. तो फुकट असतो. कोणी पैसे मागत असेल तर ती फसवणूक आहे. क्रमांक येईपर्यंत थांबायची गरज नाही, कामाचा हक्क सिद्ध झाला की नोकरी सुरू करता येते. पहिल्या नोकरीत मालक एचएमआरसी या ब्रिटनच्या करखात्यासाठी नवीन कर्मचाऱ्याची माहिती भरायला देतो. ती नीट भरली नाही तर पहिल्या पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या कमाईवर आयकर नसतो, आणि करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते.

बँक खात्यासाठी पत्त्याचा पुरावा मागतात, आणि नवीन माणसाच्या नावावर एकही बिल नसते. कौन्सिल टॅक्स (स्थानिक पालिकेचा घरपट्टीसारखा कर) किंवा विजेच्या बिलावर पहिल्याच आठवड्यात तुमचेही नाव घालून घ्या. जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. गाडीशिवाय चालणार नाही अशा गावात असाल तर भारतीय लायसन्सवर १२ महिने गाडी चालवता येते. तिकडचे लायसन्स त्याच काळात काढा.

नोकरी शोधताना

सीव्ही दोन पानांचा. फोटो, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचे नाव यांतले काहीही घालू नका. सर्वांत वर, नावाच्या खालीच, एक ओळ हवी: ब्रिटनमध्ये काम करण्याचा पूर्ण हक्क आहे, स्पॉन्सरशिपची गरज नाही. भारतीय नाव आणि भारतातला अनुभव पाहिला की अनेक भरती करणारे स्पॉन्सरशिप लागेल असे गृहीत धरतात आणि सीव्ही बाजूला ठेवतात. ही ओळ तो गैरसमज पुसते. ऑनलाइन अर्जातही ‘स्पॉन्सरशिप लागेल का’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच तुमचे उत्तर आहे.

कंपन्यांची नावे तिकडे ओळखीची नसतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीत गुणवत्ता विभाग सांभाळला असेल तर माणसे किती होती, उत्पादन किती होते, ग्राहक कोण होते हे लिहा. ‘ब्रिटनमधला अनुभव नाही’ हे उत्तर सुरुवातीला पुष्कळदा ऐकावे लागते. अशा वेळी हाताखालच्या पदावर सुरुवात करायला हरकत नाही, पण क्षेत्र सोडू नका. लेखापालाने दुकानात कॅशवर बसण्यापेक्षा एखाद्या छोट्या फर्ममध्ये बिले नोंदवण्याचे काम घ्यावे. त्यातून वर जाणे सोपे असते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, इतर शहरांतही मराठी मंडळे आहेत. गणपतीच्या कार्यक्रमात ओळखी काढा आणि कोण कोणत्या क्षेत्रात आहे ते मोकळेपणाने विचारा.

रोख पगारावर, नोंद न करता काम द्यायला तयार असलेली दुकाने आणि हॉटेले आपल्याच माणसांची असतात. तिथे जाऊ नका. पगाराची स्लिप नाही म्हणजे किमान वेतनाची खात्री नाही, सुट्टी नाही, आणि मुदतवाढीच्या वेळी दाखवायला काही नाही. स्वतःचा धंदा, शिकवणी किंवा डबे सुरू केलेत तर एचएमआरसीकडे नोंदणी करा. ज्या करवर्षात काम सुरू केले ते संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत ती करावी लागते.

व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा आधार नाही’ अशी अट असते. युनिव्हर्सल क्रेडिटसारखे भत्ते तुम्हाला घेता येत नाहीत. नोकरीतून मिळणारे आजारपणाचे आणि बाळंतपणाचे कायदेशीर वेतन मात्र यात मोडत नाही, तो तुमचा हक्क आहे. जोडीदार स्वतःच्या नावाने काही भत्ता घेत असेल तर सिटिझन्स ॲडव्हाइसकडे जाऊन आधी विचारा. तिथे सल्ल्याचे पैसे पडत नाहीत.

स्वतःचे खाते, स्वतःची कागदपत्रे

पगार स्वतःच्या नावाच्या खात्यात येऊ द्या. संयुक्त खाते घरखर्चासाठी जरूर ठेवा. पासपोर्ट आणि यूकेव्हीआय खात्याचा पासवर्ड तुमच्याच ताब्यात असावा. प्रेमाच्या, चांगल्या घरातही हे असेच असावे.

घरात मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी होत असेल आणि ‘तक्रार केलीस तर व्हिसा रद्द करीन’ असे कोणी सांगत असेल, तर हे लक्षात ठेवा: जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीचे नाते घरगुती हिंसेमुळे तुटले तर तिला स्वतंत्रपणे कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. त्या अर्जाची तयारी होईपर्यंत ३ महिन्यांची तात्पुरती परवानगी आणि सरकारी मदत मागता येते. जिवाला धोका असेल तर पोलिसांना ९९९ वर फोन करा. रेफ्यूज ही संस्था चालवते ती राष्ट्रीय हेल्पलाइन ०८०८ २००० २४७, चोवीस तास आणि मोफत. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था दीर्घकाळ काम करते आहे.

मुदतवाढ

पहिल्या ३३ महिन्यांच्या शेवटी ३० महिन्यांची मुदतवाढ घ्यावी लागते. अर्ज व्हिसा संपण्याच्या आत करायचा, साधारण शेवटच्या २८ दिवसांत. वेळेत अर्ज केला की निर्णय येईपर्यंत जुन्या अटी चालू राहतात, म्हणजे नोकरीही चालू राहते. तारीख चुकली तर ती थांबते. यावेळी उत्पन्नाच्या हिशेबात तुमचा ब्रिटनमधला पगारही धरतात. जोडीदाराची नोकरी मधेच गेली असेल किंवा त्याने शिकायला सुरुवात केली असेल तर तुमच्या एकटीच्या स्लिपांवरही मुदतवाढ मिळू शकते. म्हणून पहिल्या पगारापासून प्रत्येक स्लिप आणि प्रत्येक स्टेटमेंट फाइलला लावा. दोघांच्या नावाने आलेली पत्रेही जपा, प्रत्येक वर्षातली थोडी तरी. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. त्याला बी-१ इंग्रजी आणि लाइफ इन द यूके ही २४ प्रश्नांची परीक्षा लागते, त्यातली १८ उत्तरे बरोबर यावी लागतात.